बटन टायर घातले म्हणजे गाडी घसरायची थांबेल का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहणारे हे वाचक बेळगावच्या उद्यमबागेत नोकरीला आहेत. रोज जाऊन-येऊन ६४ किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. गाडी रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन, २०१९ ची. आठवड्यातून दोनदा शेताकडे जाताना तीन किलोमीटरची तांबड्या मातीची पाणंद लागते. वर्षातून पाचेक वेळा मित्रांच्या गटाबरोबर चोर्ला, तिलारी, आंबोली अशा सहली होतात, तेव्हा बहुतेक वेळा पत्नी मागे असतात. गेल्या जुलैत कामावरून परतताना एका वळणावर पुढचं चाक सटकलं आणि ते पडले. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेला चिखल होता. मुका मार बसला, पण तेव्हापासून पावसात गाडी काढायची म्हटलं की पोटात गोळा येतो. मित्र म्हणतात, कंपनीचे टायर काढून बटन टायर (उंच, सुट्या ठोकळ्यांचे) घाल आणि मागे १४० मिलिमीटर रुंदीचा घाल. मागचा टायर घासत आलाय, पुढचा "अजून नव्यासारखा" आहे. हल्ली वळणावर गाडी एकदम आत पडल्यासारखी होते. ॲव्हरेज मिळावं म्हणून पंपावर पुढे ३५ आणि मागे ४० हवा भरतात. टायरवर २२१९ असा आकडा आहे, तो कसला हेही त्यांना कळत नाही. दोन्ही टायर एकदम घ्यायला सध्या हात मोकळा नाही, तेव्हा आधी मागचा बदलावा का, आणि ट्यूबलेस करून घ्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

पत्रातल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत. एक तो २२१९ चा आकडा आणि दुसरी पुढच्या चाकातली ३५ हवा. टायर कुठला घ्यायचा याकडे नंतर येऊ. आधी तुम्ही का पडलात ते पाहू, कारण त्या दिवसाचा दोष चुकीच्या गोष्टीवर टाकलात तर हजारो रुपये खर्चूनही पुढच्या जुलैत तेच होईल.

टायरच्या भिंतीवर शेवटी कोरलेले चार आकडे म्हणजे त्याची जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा, म्हणजे मे महिन्याची अखेर. तुमचा पुढचा टायर सहा वर्षांपेक्षा जुना आहे. नक्षी शिल्लक आहे म्हणून तो नव्यासारखा दिसतो, पण ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला आतून-बाहेरून कडक करत जातात. नवा टायर नखाने दाबला तर किंचित दबतो, तुमचा बहुधा टणक लागेल. भिंतीजवळ किंवा ठोकळ्यांच्या बुडाशी बारीक भेगाही दिसतील. पुढचं चाक हळू झिजतं, त्यामुळे आपल्याकडे पुढचे टायर बरेचदा झिजून संपण्याआधी वयानेच संपतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता हवेचं. तुमच्या गाडीसारख्या गाड्यांना एकट्याने चालवताना पुढे साधारण २५ च्या आसपास आणि मागे ३० ते ३२ पीएसआय लागते. मागे माणूस आणि सामान असलं की मागच्या चाकात आणखी थोडी. नेमके आकडे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे दिलेले असतात, ते पाहून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा मात्र तुमच्यासाठी नसतो. तो टायर जास्तीत जास्त वजन उचलतो त्या वेळची कमाल हवा सांगतो. पुढे ३५ भरली की टायर फुगून कडक होतो, रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि रस्त्यावरच्या बारीक खडबडीवर टायर दबून बसण्याऐवजी उड्या मारतो. ॲव्हरेजमध्ये लिटरमागे थोडा फरक पडत असेलही, पण त्यासाठी तुम्ही पुढच्या चाकाची पकड देऊन टाकत होता.

म्हणजे सहा वर्षांचं टणक रबर, वर दहा पॉइंट जादा हवा, वळणावर कललेली गाडी, खाली ओला चिखल आणि त्यात कदाचित पुढचा ब्रेक. टणक रबर कुठल्याही नव्या टायरने गेलं असतं. उरलेल्या चारांतल्या फक्त चिखलावर बटन टायरने थोडाफार उपाय केला असता. बाकीचे तीन तसेच राहिले असते, आणि डांबरावरची पकड तर आणखी घटली असती. ती कशी ते सांगतो, कारण तुमच्या मित्रांचा सगळा सल्ला पकडीवरच उभा आहे.

डांबरावर पकड कुठून येते? रबर आणि खडी यांचा जितका भाग एकमेकांना घट्ट भिडतो आणि रबर जितकं मऊ असतं, तितकी पकड. मोटारसायकलचा टायर गोल असल्यामुळे पाणी तसंही बाजूला ढकलतो, उरलेलं काम बारीक खाचा करतात. बटन टायरमध्ये ठोकळ्यांच्या मधल्या मोकळ्या गल्ल्या फार रुंद असतात. त्यामुळे रस्त्याला टेकणारं रबर रस्त्याच्या टायरच्या मानाने खूपच कमी. शिवाय ठोकळा उंच आणि सुटा असतो. ब्रेक दाबला की तो पुढे वाकतो, गाडी कलली की आडवा वाकतो. हँडलवर ते जाणवतं: गाडी वळणात ठाम बसत नाही, आपण गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये रबराचे बोळे ठेवल्यासारखं वाटतं. कोरड्या डांबरावर हे सवयीने सांभाळता येतं. ओल्या डांबरावर, महामार्गाच्या पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर, पुलाच्या लोखंडी सांध्यांवर आणि झाडांच्या सावलीतल्या शेवाळलेल्या घाटरस्त्यावर बटन टायर लवकर सुटतो. एबीएस असलं तरी ते चाक अडकू देत नाही इतकंच. नसलेली पकड ते कुठून आणणार? गाडी थांबायला लागणारं अंतर वाढतंच.

मग बटन टायरचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि आपल्याच मुलखात तो चांगला दिसतो. जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी माती पावसात ओली झाली की खाली जांभ्याचा कडक थर आणि वर साबणासारखा बोटभर लेप असं होतं. ठोकळे तो लेप फोडून खालच्या कडक थरात रुततात. रस्त्याचा टायर लेपावरच तरंगतो. उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर जांभ्याचे गोल खडे सुटे होतात, तिथेही मोकळ्या गल्ल्या खडे बाजूला सारून ठोकळ्याची कड जमिनीला लावतात. काळ्या मातीचं गणित मात्र वेगळं. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाकच्या बाजूची काळी माती भिजली की चिकट लाद होते. गल्ल्या भरून जातात, टायर गुळगुळीत गोळा होतो, मग माती मडगार्डमध्ये ठासते आणि चाक फिरायचंच थांबतं. गल्ल्या जितक्या रुंद तितकी माती फेकली जाण्याची शक्यता जास्त हे खरं, पण जड गाडी भिजल्या काळ्या रानात नेऊन पार पाडेल असा टायर नाही. वाफसा येईपर्यंत थांबणं हाच तिथला उपाय.

आता तुमच्या वर्षाचा हिशेब मांडू. महिन्याला २५ दिवस, रोज ६४ किलोमीटर, म्हणजे वर्षाला १९,२०० किलोमीटर डांबर. पाणंद जाऊन-येऊन सहा किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला ६२४. पाच सहली प्रत्येकी ३०० किलोमीटरच्या धरल्या आणि त्यातले ३० कच्चे, तर आणखी १,५०० किलोमीटर आणि त्यात १५० कच्चे. एकूण सव्वाएकवीस हजारांच्या वर, त्यात कच्चा रस्ता ७७४. शंभरात चार किलोमीटरसुद्धा नाहीत. मऊ बटन टायर जड गाडीच्या मागच्या चाकात साधारण ५ ते ७ हजार किलोमीटर टिकतो. तुम्हाला वर्षाला तीन ते चार मागचे टायर लागतील, आणि त्यातला प्रत्येक टायर आपलं बहुतेक आयुष्य अशा रस्त्यावर घालवेल जिथे तो साध्या टायरपेक्षा वाईट वागतो. अर्धा झिजला की मातीतही त्याचं फारसं चालत नाही. मग घेऊन काय साधलं?

टायर विकताना ८०/२०, ५०/५० अशी डांबर आणि कच्चा रस्ता यांची गुणोत्तरं सांगतात. हे आकडे ज्याची त्याची कंपनी ठरवते, त्यांना एकसमान मोजमाप नाही. एका कंपनीचा ५०/५० दुसरीच्या ७०/३० सारखा असू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा टायर हातात घेऊन पाहा. मधल्या पट्ट्यात ठोकळे एकमेकांना जोडलेले आहेत का, गल्ल्या बोटभर रुंद आहेत की पेन्सिलीएवढ्या, खांद्याकडचे ठोकळे सुटे आहेत की बुडाशी सांधलेले. मेट्झेलरचा टूरन्स रस्त्याकडे झुकलेला, पिरेलीचा एमटी ६० मधला, कॉन्टिनेन्टलचा टीकेसी ८० उघड बटन टायर. या तिघांची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहिलीत तर बाकीच्या देशी टायरांना कुठे बसवायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. तुमच्यासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: मधला पट्टा जोडलेला, खांद्याकडे ठोकळे, म्हणजे गाडीबरोबर आला होता त्याच जातीचा टायर, पण ताजा. कंपनीचा टायर वाईट होता म्हणून तुम्ही पडला नाहीत. तो म्हातारा झाला होता.

आधी कुठला, या प्रश्नाला मी उलट उत्तर देणार आहे. आधी पुढचा. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपटी हलवते, ॲक्सिलरेटर हळूच सोडला की बहुतेक वेळा सावरते. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, ते तुम्ही अनुभवलंच आहे. मागचा टायर घासलेला दिसतो म्हणून मन तिकडे ओढतं. या महिन्यात पुढचा घ्या, मृगाच्या आत मागचा. मधल्या काळात मागच्या टायरच्या खोबणीतली झीज दाखवणारी उंचवट्याची खूण तपासत राहा. टायर त्या खुणेला टेकला असेल तर मात्र थांबू नका, दोन्ही एकदम करा, सहल पुढे ढकला.

वळणावर गाडी "आत पडल्यासारखी" होते असं तुम्ही लिहिलंत, त्याचं कारण बहुधा मागचा टायर. सरळ महामार्गावर चालल्याने त्याचा मधला भाग सपाट झाला आहे आणि खांदे उंच राहिले आहेत. गाडी कलवली की आधी ती सपाट पट्ट्यावर अडून बसते, मग कडेवर चढते आणि एकदम खाली जाते. चोर्ल्याच्या वळणांवर चालवणाऱ्याला वाटतं हँडलमध्येच काही बिघाड आहे. नवा गोल टायर बसला की हा त्रास जावा. नाही गेला तर हँडलच्या बेअरिंगमध्ये खाच पडली आहे का, स्पोक ढिले आहेत का, चाकाच्या बेअरिंगला हेलकावा आहे का, हे बघून घ्या. ८०-९० च्या वेगाला हँडल थरथरत असेल तरी आधी हेच तपासा. मागे जड बॅगा आणि पुढे बटन टायर हे जोडपं त्या थरथरीचं नेहमीचं कारण असतं, कारण मागच्या आसाच्याही मागे ठेवलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं.

१४० चा टायर. हा मोह नव्या ४५० हिमालयनकडे पाहून झाला असावा, तिला मागे १४०/८० आर १७ येतो. पण त्या गाडीची रिम आणि मागचा फोर्क त्या टायरसाठीच आखलेले आहेत. तुमचा १२०/९०-१७. आकड्यांचा अर्थ लावू: १२० मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे १०८ मिलिमीटर, रिम १७ इंच. बाहेरचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर. १४०/८० ची भिंत ११२, व्यास सुमारे ६५६. म्हणजे गाडी मागून चार मिलिमीटर उचलली जाईल, तेवढं फारसं जाणवणार नाही. रुंदी मात्र २० मिलिमीटरने वाढेल. चेन आणि फोर्कच्या बाजूची जागा घटेल, आणि पाणंदीतला चिखल आधी तिथेच ठासेल. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते हे टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जाऊन मधून टोकदार होतो. मग खांदे रस्त्याला टेकतच नाहीत, म्हणजे ज्या रबरासाठी पैसे मोजले तेच हवेत राहतं. वर गाडी वळायला जड होते. रुंद म्हणजे जास्त पकड हा समज इतका पक्का बसलाय की कुणी तपासून बघत नाही. टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवा ठरवतात. रुंदीने त्याचा आकार बदलतो, आडवा लांबट होतो. मापाला हात लावू नका.

माप घेताना त्यापुढचे आकडे-अक्षरही वाचा. पुढच्या ९०/९०-२१ वर बहुतेक ५४ लिहिलेलं असतं, म्हणजे २१२ किलो भार. मागच्या १२०/९०-१७ वर ६४ म्हणजे २८० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: पी १५०, क्यू १६०, एस १८०, एच २१० किलोमीटर. गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा भाराचा आकडा कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तुम्ही दोघं सामानासह जाता.

ट्यूबलेसची इच्छा समजू शकतो. रात्रपाळीहून येताना पंक्चर झालं की अर्धी रात्र जाते. पण तुमच्या रिममध्ये स्पोकची भोकं थेट आत उघडतात, म्हणून ट्यूब आहे. आतून चिकटपट्टी किंवा सीलंट लावून ती भोकं बंद करणारे कारागीर आहेत, काम नीट झालं तर चालतंही. अडचण दुसरीकडे आहे. ट्यूबलेससाठी घडवलेल्या रिमला आत एक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी तो टायरची कड जागेवर धरून ठेवतो. तुमच्या रिमला तो नसेल तर दगडावर आपटून टायर कडेवरून निसटू शकतो आणि सगळी हवा एकदम जाते. म्हणून कारागिराला पैसे देण्याआधी टायर काढून रिमची आतली बाजू दाखवायला सांगा. उंचवटा नसेल तर विषय सोडा. चांगली जाड ट्यूब, नवी रिमपट्टी, आणि गाडीत दोन टॉमी (टायर उचकटायच्या पट्ट्या), पंक्चरच्या चिकट्या, छोटा पंप. एकदा घरच्या अंगणात मागचं चाक काढून, ट्यूब बदलून पुन्हा बसवून बघा. दोन तास लागतील, पण मग रात्रीची भीती उरत नाही.

टायर बसवताना शेजारी उभे राहा. बसवणाऱ्यांचा हात घाईचा असतो आणि चुका बहुतेक ठरलेल्या असतात. भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा, मागच्या चाकाला तो उलटा बसलेला नेहमी सापडतो. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हशी आणावा, ती टायरची हलकी बाजू असते. ट्यूबला टाल्कम पावडर लावावी, थोडी हवा भरून मग आत घालावी, नाहीतर टॉमीखाली चिमटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलं असतं. जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घालू नका, ती ताणून वाढलेली असते, आत घडी पडते आणि घडी घासून फाटते. कड बसवताना साबणाचं पाणी वापरायला सांगा. हवा भरल्यावर भिंतीवर रिमलगत एक बारीक रेघ दिसते, ती चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून पाहा. एका बाजूला आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, गाडी कायम डुलेल. व्हॉल्व्हची चकती रिमवर आवळू नका, वर टोपीला लावून ठेवा. ट्यूब आत सरकली तर व्हॉल्व्ह तिरका होऊन तुम्हाला आधीच कळेल, रिमला आवळलेला व्हॉल्व्ह मात्र मुळातून तुटतो.

चाक जागेवर आल्यावर एबीएसची दातेरी चकती आणि तिचा सेन्सर यांना धक्का लागलेला नाही हे बघा, मागची चेन किती ढिली ठेवली ते पुस्तकातल्या मापाशी जुळवा. आणि गाडीवर बसून निघण्याआधी पुढचा-मागचा ब्रेक घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा. चाक काढलं की पॅड मागे सरकतात, पहिला ब्रेक रिकामा जातो. टायरच्या दुकानातून निघून पहिल्याच सिग्नलला होणारे अपघात यामुळे होतात. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तेव्हा पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर हळूहळू कल वाढवत न्या, पावसात तर नक्कीच.

हवा आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी चालवायच्या आधी. पंपापर्यंत दहा किलोमीटर गेलात की टायर तापून आकडा तीन-चारने वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडू नका. हवामान पाच-सहा अंशांनी गार झालं की साधारण एक पॉइंट उतरतो, म्हणून मे महिन्यात भरलेली हवा जुलैत तशीच असेल असं धरू नका. खिशातला गेज घ्या, पंपावरच्या मीटरवर विसंबू नका.

पाणंदीवर हवा कमी केली तर तुमचा मधल्या जातीचा टायरही बटन टायरच्या जवळ जातो, कारण तो पसरतो आणि दगडाला मिठी मारतो. पण तुम्हाला ट्यूब आहे. पुढे २० च्या खाली गेलात आणि दगडावर आदळलात तर ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटून तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. एकट्याने पुढे २०-२२, मागे २४ पर्यंत पुरे, आणि डांबरावर यायच्या आधी पंपाने परत भरायची. कमी हवेवर महामार्गाचा वेग धरला तर टायर तापतो आणि गाडी लोण्यासारखी डोलते. तीन किलोमीटरसाठी हे रोजचं करायला कंटाळा येणार हे मला कळतं. मोठ्या कच्च्या टप्प्यासाठी ते राखून ठेवा.

तुमच्यासारखंच विचारणारे, पण रस्ते वेगळे असलेले बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडं. जांबोटीच्या आतल्या वाडीत राहणाऱ्याला रोज दहा-बारा किलोमीटर तांबडी माती आणि तेवढंच डांबर असेल, गाडी हीरोच्या एक्सपल्ससारखी हलकी असेल, तर ५०/५० चे दोन्ही टायर त्याने जरूर घालावेत आणि डांबरावरचा वेग सत्तरच्या आत ठेवावा. पुढे जास्त ठोकळ्यांचा आणि मागे रस्त्याकडचा, अशी जोडी काही जण करतात. मातीत वळण धरायला ती चांगली, ओल्या घाटात मात्र जे चाक पाडतं तिथेच कमी पकड ठेवल्यासारखं होतं. पावसाळाभर घाटातून गोव्याला ये-जा असेल तर ती जोडी नको. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडे उसाच्या हंगामात पाचट आणि ट्रॉल्यांच्या चाकांची माती रस्त्यावर पडलेली असते. तिथे टायरपेक्षा वळणाआधी वेग कमी करून ब्रेक सोडून वळणात जाण्याची सवय जास्त उपयोगी. तुमच्या खानापूरच्या बाजूला तेच काम जुलैत चिखलणीचे ट्रॅक्टर करतात. बांधावरून ट्रॅक्टर डांबरावर चढतो ती जागा दोन्ही बाजूंच्या ओल्या चाकोऱ्यांवरून दुरून ओळखू येते. तिथे सरळ गाडीने, ब्रेक न लावता, एका वेगाने जायचं. कलवायचं असेल तर चिखल संपल्यावर.

पाणंदीचं सांगायचं राहिलं. रोपलागणीपासून गणपतीपर्यंत त्या तीन किलोमीटरमध्ये जी ओढ्याकाठची सखल जागा असेल, जिथे बैलगाडीच्याही चाकोऱ्या वीतभर खोल गेलेल्या असतात, तिथे दोनशे किलोच्या गाडीने जाऊ नका. पाणंदीच्या तोंडाशी कुणाच्या तरी अंगणात गाडी लावा आणि तेवढं चालत जा. स्टँडखाली फळकुट ठेवा, नाहीतर परत येईपर्यंत गाडी मातीत कललेली असेल.